खजिन्याची चावी

एकतीस वर्षं माझ्याकडं खजिन्याची चावी होती.
हसू नका. मंगळवार पेठेत जाऊन विचारा,
पाण्याच्या टाकीला तिथं अजून खजिनाच म्हणतात.
चावी म्हणजे छातीएवढी लोखंडी सळई,
वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड.
झाकण उचलायचं, वाकायचं,
बावीस आटे डावीकडं,
की जमिनीखाली कुणीतरी खाकरल्यासारखं व्हायचं
आणि घागरी वाजायला लागायच्या.

हाताला कायम गंजाचा वास.
बायको म्हणायची, खजिनदार, आधी साबण लावा.

गुजरीचा व्हॉल्व्ह पहाटे साडेचारला.
तेव्हा तिथं दोघंच. मी, आणि कोंडूबाई झारेकरीण.
मऊ केरसुणीनं ती झाडायची
उंबऱ्याखालची फट, फरशीचा सांधा, गटारीची कड,
जिथं कानशीच्या दातातून, कारागिराच्या केसातून
डोळ्याला न दिसणारं सोनं सांडलेलं असायचं.
दारातला केर दुकानदार तिला महिन्याच्या बोलीवर विकायचे.
धुळीलाही मालक असतो, हे मला तिच्याकडून कळलं.
रस्त्याच्या मधली तेवढी कुणाची नाही.

मग कोपऱ्यावरच्या नळाखाली
लाकडी पाटी हलवत बसायची.
बारा घागरी पाणी,
आणि तळाला तिळाच्या निम्मं काहीतरी पिवळं.
म्हणायची, पाणी फुकट आहे म्हणून सोनं परवडतं, मामा.

विश्वंभर पोतदारांनी तिसरा मजला चढवला
आणि खाली, तालमीचा हौद मावेल एवढी टाकी.
मोटर लाइनीवरच.
ती सुरू झाली की सगळ्या गल्लीच्या नळातून
नुसती हवा, सूं सूं,
दमेकऱ्यासारखी.
मी दोनदा रिपोर्ट लिहिला.
दिवाळीला दोनदा पाकीट आलं.
घेतलं. तेही लिहून ठेवतो.

मग अर्ज आला, सतरा दुकानांच्या सह्या,
कोपऱ्यावरचा नळ रहदारीला अडचण.
बूच मीच मारलं. पितळी, पाऊण इंची.
कोंडूबाई बघत उभी होती, काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवसापासून तिचा केर
डोक्यावरून पंचगंगेच्या घाटाला.

पुराच्या साली बालिंग्याचा पंप बुडाला.
उंबऱ्याला पाणी, नळ कोरडा,
दहा दिवस माझ्या चावीला काही काम नव्हतं.
पोतदारांच्या टाकीत गटार शिरलं.
बिंदू चौकात टँकर आला तेव्हा
कोंडूबाईचा नंबर चाळिसावा, त्यांचा एकेचाळिसावा,
हातात देवघरातली चांदीची कळशी.
खालचं घर चिखलात, हाताला तीच लागली असेल.

तिनं वळून बघितलं, जातीची नजर,
"किती भार?"
"एकशे दहा तोळे."
"आणि पाणी किती मावतं?"
त्यांना सांगता येईना.
पाइप लावला तेव्हा दोघांनाही कळलं.
तीन तांबे, वर थोडं सांडलं.
त्या सांडलेल्याखाली तिनं आपली घागर सरकवली,
सवयीनं.

पुढं काही बदललं असं नाही.
पाणी ओसरल्यावर बावीस दिवसांनी
मोटर परत लाइनीवर. आवाज ओळखीचा.

रिटायर झालो त्या दिवशी चावी स्टोअरला जमा केली.
क्लार्कनं वहीत लिहिलं,
चावी लोखंडी, नग एक, वापरलेली.
किंमत, निरंक.
सही करून बाहेर आलो.

आदल्या रात्री पाना घेऊन गुजरीत गेलो होतो
हे त्या वहीत नाही.
नळ किती दिवस चालला, माहीत नाही,
परत विचारायला गेलो नाही, भीती वाटली.
बूच मात्र जमा केलं नाही.
खोलीचं दार वाऱ्यानं आपटतं,
त्याच्याखाली लावतो.